गिरणी चालू, पण गुगल म्हणतं ‘कायमची बंद’. छोट्या दुकानदाराचं गंडतं कुठं?

संध्याकाळचे सात वाजलेत. डब्यातलं पीठ संपलंय. कॉलनीत नव्यानेच भाड्याने राहायला आलेलं जोडपं मोबाईल काढतं आणि टाकतं, ‘जवळची पिठाची गिरणी’. नकाशावर तीन नावं येतात. सगळ्यात जवळची गिरणी दोन गल्ल्या सोडून आहे, पण तिच्या नावाखाली लाल अक्षरात लिहिलंय ‘कायमची बंद’. जोडपं दळण घेऊन दुसरीकडे जातं.

आणि त्याच वेळी त्या ‘बंद’ गिरणीत मालक मशीन चालू ठेवून गिऱ्हाईकाची वाट बघत बसलेला असतो.

आता ही पाटी लावली कुणी? तर कुणीही लावू शकतं. गुगल मॅपवर कुठल्याही दुकानाच्या पानावर ‘बदल सुचवा’ असा पर्याय असतो. वेळ चुकलीये, नंबर बदललाय, दुकान बंद झालंय, असं कुणीही कळवू शकतो. एखाद्याला खरंच शटर बंद दिसलेलं असतं, एखाद्याने शेजारच्या धंद्याचं भलं केलेलं असतं. गुगल ते तपासून स्वीकारतं किंवा नाकारतं, पण ही तपासणी दरवेळी बरोबर निघतेच असं नाही.

खरी अडचण पुढे आहे. बऱ्याच दुकानांची ही पानं मालकाने बनवलेलीच नसतात. इकडून तिकडून मिळालेल्या माहितीवरून किंवा गिऱ्हाईकांनी जागा टाकल्यामुळे ती तयार झालेली असतात. पानाला धनीच नाही म्हटल्यावर ‘तुमच्या माहितीत बदल झालाय’ हा निरोप गुगलने पाठवायचा कुणाला?

या पानाला आज गुगल बिझनेस प्रोफाईल म्हणतात. २०१४ साली ही सेवा गुगल माय बिझनेस नावाने आली, २०२१ मध्ये नाव बदललं. पान बनवायला आणि चालवायला एक रुपयाही लागत नाही. हे वाक्य गल्ल्याच्या मागे चिकटवून ठेवावं असं आहे, कारण याच्याच नावावर भरपूर लोकांचे खिसे कापले जातात.

प्रकार ठरलेला असतो. एक पोरगा दुकानात येतो, ‘गुगलवर नाव टाकून देतो’ म्हणतो, पैसे घेतो आणि पान बनवतो स्वतःच्या जीमेलवरून. दुकानदार खूश. वर्षभराने ‘रिन्युअल’चा फोन येतो. पैसे दिले नाहीत की पानावरचा नंबर बदलतो आणि गिऱ्हाईकांचे फोन भलतीकडेच वाजायला लागतात. गुगलकडे रिन्युअल नावाची भानगडच नाही. पैसे भरून नकाशात वरचा नंबर मिळत नाही, हे गुगलने स्वतः सांगितलंय. जाहिरात लावता येते, पण ती वेगळी दिसते आणि तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं.

दुसरा प्रकार फोनवरचा. ‘गुगलमधून बोलतोय, तुमचं पान आज बंद होणार, ओटीपी सांगा.’ तो ओटीपी म्हणजेच पानाची चावी. सांगितला की पान समोरच्याचं.

मग करायचं काय? आधी मॅपवर स्वतःच्या दुकानाचं नाव शोधायचं. पानावर ‘हा व्यवसाय तुमचा आहे का’ अशा अर्थाचा पर्याय दिसला, तर त्याला अजून मालक नाही. मालकाने स्वतःच्या जीमेलवरून तिथे दावा करायचा. पडताळणी कशी करायची हे गुगल ठरवतं, हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. व्हिडिओ एका दमात काढायचा, मध्ये कट नको. रस्ता, दुकानाची पाटी, आतलं मशीन आणि कुलूप उघडताना किंवा गल्ला उघडताना मालक. आधार किंवा बँकेची कागदं त्यात दाखवायची गरज नाही.

पान आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तिथूनच मालकीची मागणी पाठवता येते. समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर बहुतेक वेळा स्वतः पडताळणी करून पान घेण्याचा पर्याय येतो. मोबाईलचं सगळं भाचा बघत असेल तर त्याला मॅनेजर करावं, पण मालकाच्या जागी मालकाचंच जीमेल हवं. नोकरी लागून भाचा पुण्याला गेला की पासवर्डही पुण्याला जातो.

ताबा मिळाला की प्रश्न उरतो वर दिसण्याचा. गुगल त्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दांशी दुकान किती जुळतं, ते किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे. अंतर कुणाच्या हातात नसतं, बाकीच्यावर काम करता येतं. प्रकार निवडताना नुसतं ‘दुकान’ न निवडता ‘फ्लोअर मिल’ निवडायचं. मिरची कांडून मिळते, चकलीची भाजणी वेगळ्या चक्कीवर दळतात, हे सेवांमध्ये लिहायचं. दिवाळीच्या तोंडावर लोक शोधत असतात ते नेमकं हेच. ज्या वारी लाईट जाते म्हणून गिरणी बंद असते, तो वार सुट्टीचा टाकायचा. बंद शटर बघून परत गेलेलं गिऱ्हाईकच पुढे ‘दुकान बंद झालंय’ असं कळवतं.

पण नावात ‘नंबर वन बेस्ट गिरणी नाशिक’ वगैरे कोंबायचं नाही. पाटीवर आहे तेच नाव ठेवायचं, नाहीतर पान निलंबित होऊ शकतं. पाच स्टारच्या बदल्यात सूट देणंही नियमात बसत नाही. दळण घेऊन जाणाऱ्याला साधं ‘दोन ओळी लिहा की’ म्हणता येतं, त्याला कुणाची ना नाही.

आणि जुन्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर वेबसाईटचा पत्ता छापलेला असेल तर तो एकदा उघडून बघायचा. याच प्रोफाईलमधून बनवलेल्या फुकटच्या वेबसाईट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्यात. कार्डं मात्र अजून वाटली जातायत.