आयुष्मानला विरोध नेमका कशाला होता?

उत्तर प्रदेशातल्या मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी आपल्या बागेतल्या आंब्याच्या एका जातीला नरेंद्र मोदींचं नाव दिलं, त्याच्या कौतुकाच्या बातम्या झाल्या. ‘आयुष्मान भारत’ या केंद्राच्या आरोग्यविमा योजनेच्या लाभार्थ्यांना गेलेल्या पत्रांवर मोदींचा फोटो आला, तेव्हा मात्र पश्चिम बंगाल योजनेतूनच बाहेर पडला. ही घोषणा तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी जानेवारी २०१९ मध्ये केली. ‘चाळीस टक्के पैसे आमचे आणि नाव तुमचं?’ असा त्या तक्रारीचा मथितार्थ.

या विरोधाचा अर्थ ‘त्यांना गरिबांवर मोफत उपचारच नको होते’ असा सर्रास लावला जातो. तो चुकीचा आहे. बंगालची ‘स्वास्थ्य साथी’ २०१६ च्या अखेरीस, म्हणजे आयुष्मानच्या आधीच सुरू झाली होती. ओडिशाने १५ ऑगस्ट २०१८ ला ‘बिजू स्वास्थ्य कल्याण’ आणली आणि तिच्यात स्त्रियांना कुटुंबाच्या पाच लाखांहून अधिक, सात लाखांचं संरक्षण दिलं. तेलंगणकडे ‘आरोग्यश्री’ होती. भांडण होतं ते केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के या वाटणीवरून, आणि श्रेय कुणाचं यावरून.

हा विरोध कायमचाही नव्हता. चंद्रशेखर राव मुख्यमंत्री असतानाच, २०२१ मध्ये तेलंगण योजनेत आलं. ओडिशाने जानेवारी २०२५ मध्ये आणि दिल्लीने एप्रिल २०२५ मध्ये करार केला. तिथे मात्र आधी सरकारं बदलावी लागली. गंमत अशी, की त्याआधीही मलिहाबादचा कार्डधारक दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये या योजनेखाली दाखल होऊ शकत होता, दिल्लीच्याच गरिबाकडे ते कार्ड नव्हतं.

‘गरिबांसाठी असा विमा आयुष्माननेच पहिल्यांदा आणला’ हा दुसरा समज. २००८ पासून राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती: पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण, नोंदणी ३० रुपयांत. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान आली, ती रक्कम पाच लाखांवर गेली आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येची अट गळाली. हा बदल मोठाच होता, पण पाया जुना. नावाच्या राजकारणाबद्दल महाराष्ट्राने बंगालला हसू नये. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सत्ताबदलानंतर, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची झाली.

उत्तर प्रदेश पहिल्या दिवसापासून योजनेत आहे. म्हणून मलिहाबादमध्ये सगळं आलबेल असेल, असं समजणं हा तिसरा घोटाळा. समजा, दशहरी आंबे उतरवताना मजूर झाडावरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. योजनेतल्या रुग्णालयात त्याला दाखल केलं, तर शस्त्रक्रिया, खाटेचा खर्च आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांपर्यंतची औषधं यात बसतात. तोच मजूर मोहरावर औषध फवारून अंगाला खाज सुटली म्हणून डॉक्टरकडे गेला आणि गोळ्या घेऊन परतला, तर खर्च त्याच्या खिशातून. बाह्यरुग्ण उपचार योजनेत नाहीत. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्याही नाहीत. राजकीय सभांमधून ‘पाच लाख’ मोठ्याने ऐकू येतात, ही अट क्वचितच.

आणि यादी? ती मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातीय जनगणनेवरून झाली. त्या गणनेत ग्रामीण घरात दुचाकी, फ्रिज किंवा ५० हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड यांपैकी काहीही एक असलं, तरी ते कुटुंब वगळलं जाई. दोन-चार झाडांच्या जोरावर कर्ज काढणारा बागवाला असा सहज बाहेर पडतो. उत्तर प्रदेशने पुढे सुटलेल्या काही गटांना मुख्यमंत्री जन आरोग्य अभियानात घेतलं, पण बागवाल्याची अडचण त्याने सरसकट सुटत नाही. दुसऱ्या टोकाला, २०२३ च्या ‘कॅग’ अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले. त्यावरून ‘साडेसात लाख बोगस’ अशी ओरड झाली. पात्रता ठरवताना मोबाइल क्रमांक पाहिलाच जात नाही, हे सरकारचं उत्तर. ते खरं असलं तरी असा क्रमांक नोंदवून घेणाऱ्या यंत्रणेला शाबासकी देता येत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, कार्ड मिळू लागलं. त्यामुळे यादीबाहेर राहिलेला ७२ वर्षांचा बागवाला आता पात्र आहे. त्याची ६८ वर्षांची बायको केवळ या नियमाने पात्र ठरत नाही. तेच जोडपं देवगडला हापूसच्या बागेत राहत असतं, तर महाराष्ट्राच्या फुले योजनेच्या जुलै २०२४ पासून लागू झालेल्या विस्तारामुळे पांढरं रेशनकार्ड असूनही दोघांना पाच लाखांचं संरक्षण मिळालं असतं.