रस्त्याचा कांठ आणि सायकलची वाट

रस्ता नवा झाला असें आपण म्हणतों, तेव्हां बहुतेक वेळीं जुन्या डांबरावर नव्या डांबराचा एक थर पसरलेला असतो. त्याची जाडी दोन-तीन बोटें. हा थर घालण्याची वेळ तीच सायकलस्वारास स्वतःची वाट देण्याची वेळ होय, आणि आपल्यासारख्या काळ्या मातीवरील गांवांत त्या वाटेचा लाभ सायकलस्वाराइतकाच रस्त्यालाहि होतो, एवढें मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम मातीकडे पाहूं. परभणीची काळी जमीन कापसाला मानवते, ज्वारीला मानवते. रस्त्याला मात्र मानवत नाहीं. ह्या मातींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. तें आपल्या पदरांमध्यें पाणी ओढून घेतें व फुगतें. उन्हाळ्यांत तेंच पाणी उडून गेलें कीं आक्रसतें. वैशाखांत शेतांत पडलेल्या भेगांत हात घालून पाहिलेल्यांस हें निराळें सांगावयास नको. आतां, डांबरी रस्त्याच्या मधल्या भागाखालील माती झांकलेली असल्यामुळें तिचा ओलावा बाराहि महिने फारसा बदलत नाहीं. कांठाखालची माती मात्र पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत बसते. ह्या वर्षानुवर्षांच्या वरखालीनें रस्ता प्रथम कांठाशीं चिरतो, चिरेंतून पाणी शिरतें, आणि मग मोटारीचें चाक त्याचा तुकडा पाडतें. नेमका हाच फुटका कांठ आपण सायकलस्वाराच्या वांट्याला दिलेला आहे.

नववींतील माझी एक विद्यार्थिनी अशाच कांठावरून घसरली. मागून ट्रक येत होता म्हणून तिनें सायकल बाजूला घेतली, आणि बाजूला रस्ताच नव्हता. कोंपर मोडलें, दोन महिने शाळा बुडाली. ट्रक थांबला, एवढें तिचें दैव. मानव विकास कार्यक्रमांतून मराठवाड्यांतील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि ही योजना मला फार मोलाची वाटते; सायकल दाराशीं आली म्हणून शाळेंत टिकलेल्या मुली मीं पाहिल्या आहेत. परंतु सायकल दिली आणि वाट दिली नाहीं, तर अर्धेंच दान झालें.

हॉलंडांत आज मुलें सायकलीनें शाळेस जातात तें पाहून आपणांस वाटतें, त्या देशाची रीतच तशी. तसें नाहीं. १९७१ सालीं तेथें रस्त्यावरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसें मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, आणि मग वाटा झाल्या.

आपल्याकडेहि नियमांची वाण नाहीं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९२७ मध्यें देशांतील रस्त्यांचा विचार केला, आणि त्यांतून पुढें १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्मली. तिनें सायकल-मार्गांचे नियम १९६२ सालींच छापले आणि २०१५ सालीं ते सुधारले. मार्गाची रुंदी निदान दोन मीटर असावी, असें पहिल्याच नियमांत आहे. जुन्या मास्तराची खोड म्हणून एक गणित मांडतों. रस्ता १८ मीटर, म्हणजे सुमारें ६० फूट रुंद धरा. दोन्ही अंगांना दोन-दोन मीटर सायकलींस, अर्धा-अर्धा मीटर उंच दगडी कांठास आणि १.८ मीटर पायीं चालणारांस दिले, तर ८.६ मीटर गेले. उरलेल्या ९.४ मधून मोटारींच्या दोन रांगांना सात मीटर द्या, तरी २.४ मीटर झाडांसाठीं किंवा गाड्या उभ्या करण्यासाठीं उरतात. जागा नाहीं ही तक्रार ६० फुटी रस्त्यावर टिकत नाहीं. गल्लींत टिकते, तेथें निराळी वाट नको, वेग कमी हवा.

मात्र वाट म्हणजे पांढरी रेघ नव्हे. रेघेवरून मोटार सहज जाते. उंच कांठावरून जात नाहीं. शेजारच्या नांदेडांत २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेंतून मुख्य रस्ते नव्यानें रचले गेले, तेव्हां पदपथ, सायकल-मार्ग, झाडें आणि गटारें ह्यांची आंखणी एकत्र झाली. पुण्यानें २००६ नंतर सातारा व सोलापूर रस्त्यांवर बसमार्गाबरोबर सायकल-मार्ग केले, २०१७ मध्यें सबंध शहराचा सायकल-आराखडाहि मंजूर केला. पण तेथील कित्येक मार्ग मध्येंच तुटतात, कांहींवर दुचाक्या उभ्या असतात. तुटक वाट नसल्यासारखीच.

आतां कामाविषयीं. नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडून काढला पाहिजे. चार सेंटिमीटरांचे पांच थर एकावर एक चढले कीं रस्ता वीस सेंटिमीटर उंच होतो, घरें खालीं राहतात आणि पहिल्या सरीचें पाणी उंबऱ्यांत येतें. ह्याचा अनुभव नसलेलें घर शोधावें लागेल. खरवडल्यावर फुटक्या कांठाखालची काळी माती काढून तेथें मुरूम व खडी दाबून भरावी, त्यावर सायकलीची फरसबंद वाट करावी, आणि तिच्यापलीकडे पक्कें गटार न्यावें. म्हणजे ओल्या-सुक्याची ती सीमारेषा ट्रकच्या चाकाखालून सरकून दोन-अडीच मीटर बाहेर जाते. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलोहि भरत नाहींत. तेथें माती थोडी हलली तरी बिघडत नाहीं. माझ्या मतें हें सर्वांत मोठें साधन आहे, आणि त्याचा हिशेब फारसा कोणी करीत नाहीं. दगडी कांठांत मात्र ठराविक अंतरावर पाण्यासाठीं खांचा ठेवाव्यात. नाहींतर मोटारींचा रस्ता तळें होईल, आणि दोष सायकलींच्या वाटेला लागेल.

अशा वाटेंत पहिल्याच आठवड्यांत मोटरसायकली शिरतील, हें मी जाणून आहें. जेथून सायकल जाते तेथून मोटरसायकलहि जाते. त्याला दगड पुरत नाहीं, शिपाई लागतो. आणि चौक आला कीं कांठ संपतो, धोका तेथेंच वाढतो. म्हणून आडगल्ली ओलांडतांना सायकलीची वाट खालीं उतरवूं नये. ती होती त्याच उंचीवर पुढें न्यावी, म्हणजे वळणाऱ्या मोटारीला चढ लागतो व तिचा वेग आपोआप उतरतो. शाळेच्या फाटकासमोर तर हें आधीं करावें. जूनमध्यें शाळा उघडतात, आणि पाऊसहि तेव्हांच येतो. डांबराचें काम त्यापूर्वींच उरकावें लागतें.