जुनी कॅसेट चालंल का?

"मामा, ही कुठनं घालायची?"

भाच्याच्या हातात प्लेस्टेशन ४ची, म्हणजे पीएस४ची, डिस्क होती आणि पुढ्यात नवीकोरी पीएस५. त्याने यंत्र उभं केलं, आडवं केलं, पाठीमागून बघितलं. डिस्क घालायला फटच नव्हती. दहा हजारांनी स्वस्त पडते म्हणून त्याच्या वडिलांनी डिजिटल एडिशन आणली होती. पुण्याच्या चुलतभावाने दिलेल्या अकरा डिस्क पिशवीत तशाच राहिल्या. भाचा आठवडाभर सांगत होता, "पीएस४चं सगळं पीएस५वर चालतं, मी बघितलंय." ते खरंच होतं, जवळपास सगळं चालतं. पण डिस्क आत गेली तर.

येडशीत हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकतो आहे. यंत्रं बदलली, शब्द बदलले, प्रश्न तोच: जुनं ह्यात चालंल का? ग्राफिक्स कसं आहे, हे आमच्याकडे कोणी आधी विचारलं नाही. कारण सोपं आहे. आमच्या गावात नवीन यंत्र क्वचित यायचं आणि खेळ नेहमी कुणाचे तरी जुने असायचे.

पहिलं यंत्र आलं ते ९५-९६ च्या सुमारास, बार्शीहून. येडशी हे रस्त्यांचं गाव. सोलापूर-धुळे हमरस्ता आणि बार्शी-लातूर रस्ता इथे भेटतात, त्यामुळे जे काही यायचं ते चौकात एसटीतून उतरायचं. तसाच एका मोठ्या भावाच्या मांडीवर बसून तो खोका उतरला. शहरातल्या पोरांच्या तोंडी समुराई, मीडिया अशी नावं असत. आमच्या खोक्यावर नुसतंच 'टीव्ही गेम' लिहिलेलं आणि बाजूला एका सिनेमानटाचं चित्र, ज्याचा खेळाशी काही संबंध नव्हता. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून तिथे खोक्याची वायर लावायची आणि मुंग्यांतून मारिओ उगवेपर्यंत ट्यूनिंगचं बटण फिरवायचं. कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो, अजूनही म्हणतो.

ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. मूळ यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. अमेरिकेत पाठवताना कंपनीने त्याचं रूप बदललं, कॅसेटच्या ६० पिनांच्या ७२ केल्या आणि आत एक कुलपाची चिप घातली. परवानगीवाचून बनवलेली कॅसेट त्या यंत्रात चालू नये, हा हेतू. जपानच्या यंत्रात ते कुलूप नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी त्याचीच कास धरली, सगळं यंत्र एका चिपवर आणून त्यावर काळ्या डांबरासारखा ठिपका टाकला आणि निम्म्या जगाला विकलं. याचा आम्हाला झालेला फायदा पुढे कोणत्याही अधिकृत कंपनीने दिला नाही. कुणाचंही यंत्र असो, कुठल्याही दुकानातली कॅसेट असो, ६० पिना सारख्याच. बार्शीची कॅसेट येडशीत चालायची, येडशीची ढोकीत. खोका मोडला तर दुसरा खोका, कॅसेट त्याच.

त्यामुळे गावात कॅसेटचा व्यवहार उभा राहिला. दोन साध्या कॅसेटच्या बदल्यात एक कॉन्ट्रा, शनिवारी परत. '९९९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटवर खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकीचे तेच, फक्त सुरुवात दुसऱ्या टप्प्यावरून. हे कळायला आम्हाला एक अख्खी सुट्टी लागली. एक जण तर वहीत आकडे लिहून एकेक तपासत होता. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीचा उपयोग नसतो, काढून घातल्याने पिना नीट टेकतात एवढंच, आणि तोंडाच्या वाफेने उलट पिना गंजतात. हे फार पुढे वाचलं. तेव्हा मात्र कोणाची फुंकर 'लागते' यावर प्रतिष्ठा ठरायची.

आणि लाइट. मारिओला खेळ जतन करायची सोय नव्हती. सातव्या जगात पोचावं आणि भारनियमनाची वेळ व्हावी, की पुन्हा पहिल्यापासून. आमची पिढी मारिओचं पहिलं जग डोळे झाकून खेळते ती कौशल्याने नव्हे, वीज मंडळाच्या वेळापत्रकाने.

पीएस२ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आली. आमच्या घरात ती यायला बरीच वर्षं गेली आणि आली तीही वापरलेली. घरच्यांनी होकार दिला तो डीव्हीडी लागते म्हणून. लग्नाची डीव्हीडी बघता येईल, हे आईला पटलं. बाकीचं आम्ही सांगितलं नाही. पीएस२च्या पोटात पीएस१चा प्रोसेसर तसाच ठेवलेला होता. नवा खेळ चालू असताना तो रिमोट आणि मेमरी कार्ड सांभाळायचा, आणि जुनी डिस्क घातली की स्वतः कामाला लागायचा. एखाद्या घरात निवृत्त आजोबा भाजी निवडतात, पण जुना हिशेब निघाला की त्यांनाच हाक मारतात, तसं. एक खोच मात्र होती. पीएस१चा खेळ चालायचा, पण तो जतन व्हायचा पीएस१च्याच मेमरी कार्डावर. पीएस२चं कार्ड ८ एमबीचं, जुनं अवघं १२८ केबीचं, पण मोठ्याने धाकट्याचं ओझं उचलायला साफ नकार. आम्ही ते जुनं कार्ड शोधत बार्शीची तीन-चार दुकानं पालथी घातली होती. चौथ्या दुकानदाराने कॅमेऱ्याचं कार्ड दाखवलं आणि म्हणाला, "कार्ड म्हंजे कार्डच की."

याच पीएस२साठी २००९ मध्ये हैदराबादच्या एका स्टुडिओने 'देसी अड्डा' काढला. विटीदांडू, कबड्डी, पतंगबाजी. मी तो कुतूहलाने खेळलो आणि पंधरा मिनिटांत रिमोट ठेवून बाहेर गेलो. बाहेर तेच चाललं होतं.

पीएस३शी माझी गाठ पुण्यात होस्टेलवर पडली. 'ऑनलाइन' म्हणजे काय ते तिथे कळलं. त्यात इंटरनेटवरून इतरांशी खेळायला वेगळे पैसे लागत नसत. पण जुनं चालवण्याच्या बाबतीत तिथूनच उतरण लागली. जपान-अमेरिकेतल्या पहिल्या पीएस३मध्ये पीएस२च्या मुख्य चिपा बसवलेल्या होत्या. २००७ अखेरपासून किंमत उतरवायला त्या काढल्या. म्हणजे आजोबांना घराबाहेर काढलं. पीएस४ भारतात ६ जानेवारी २०१४ला आली, ३९,९९० रुपयांना, आणि तिच्यात पीएस३ची एकही डिस्क चालेना. पीएस३चा 'सेल' प्रोसेसर इतका तऱ्हेवाईक होता की त्याचं सोंग दुसऱ्या चिपेला वठवणं अवघड. वर ऑनलाइन खेळायचं तर आता वर्गणी.

त्यावर आमच्याकडे बोलण्याची गाडी कुठे गेली, तर रेल्वेवर. आबांनी, माझ्या आजोबांनी, हयातभर बार्शी लाइटने प्रवास केला. दोन फूट सहा इंचांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची ती रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, आताच्या कुर्डुवाडीपासून, सुरू झाली. पुढे ती येडशीवरून लातूरला गेली. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग १६७६ मिलिमीटरचा झाला. जुना डबा नव्या रुळांवर उभाही राहू शकत नाही, मग चालणं लांबच. मी पीएस४वर तोंडसुख घेत होतो, आबा ऐकत होते. म्हणाले, "रूळ बदललं म्हणल्यावर जुनं डबं गेलंच. पर उस्मानाबादला कधी रेल्वे नव्हती, ती आली का न्हाई? एकदाच बदललं, आता मुंबईची गाडी हितनं जाती."

तेव्हा मला ते नुसतं समाधान वाटलं. आज कबूल करतो, आबांचं गणित बरोबर होतं. पीएस४ बनवताना सोनीने तऱ्हेवाईक 'सेल' सोडून साध्या संगणकांतली एक्स८६ जात घेतली. पीएस५ त्याच जातीची निघाली, म्हणून चार हजारांहून जास्त पीएस४चे खेळ तिच्यावर चालतात. त्या एका तोडीने पुढचा रूळ सरळ झाला. पीएस३ची पेटी घेऊन बसलेल्यांना मात्र याचं काय कौतुक असणार.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या मे महिन्यात नवी एक्सबॉक्स वन दाखवली. यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे, नाहीतर खेळ बंद. आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला द्यायची तर बंधनं. तो उन्हाळा आमच्या जिल्ह्यात दुष्काळाचा होता. गावोगाव टँकर, दिवसाचे कितीतरी तास वीज नाही, आणि अमेरिकेतला कोणी सांगतोय की रोज एकदा इंटरनेट लावा. येडशीत ते यंत्र कोणी घेणारही नव्हतं, तरी राग आला. शनिवारी परत करायच्या कॅसेटवर वाढलेल्या माणसाला 'दुसऱ्याला देऊ नका' हे वाक्यच कळत नाही. सोनीने जूनमध्ये अर्ध्या मिनिटाचाही नसलेला एक व्हिडिओ काढला: आमच्या यंत्रावर खेळ दुसऱ्याला कसा द्यावा? एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. नंतर त्यांनीच २०१५ च्या नोव्हेंबरपासून एक्सबॉक्स ३६०चे खेळ नव्या यंत्रावर चालू केले, ही गोष्टही सांगायला हवी.

गावात ऑनलाइन आलं ते कन्सोलमधून नाहीच. ते आलं ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओच्या सिममधून, आणि मग पबजीमधून. चौकातल्या हॉटेलात चार पोरं एकाच बाकावर बसून कानात वायरी घालून एकमेकांना "मागं बघ, मागं बघ" म्हणून ओरडत. शेजारी बसलेल्याशी इंटरनेटवरून बोलायचं, हे मला समजायला वेळ लागला. पीएस४ त्या काळात हॉटस्पॉटवर चालवायची म्हणजे तपश्चर्या. 'रेड डेड रिडेम्प्शन २' २०१८ मध्ये दोन डिस्कवर आला, साधारण १०५ जीबीचा. तोच डाउनलोड करायचा तर रोजच्या एक जीबीच्या पॅकवर साडेतीन महिने, तेही घरात कोणी व्हॉट्सॲप उघडलं नाही तर. म्हणून डिस्क लागायची. डिस्क ही आमची ब्रॉडबँड होती. एसटीने यायची, पण यायची.

२ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. भाचा तेव्हा दहावीत. त्याला बंदीचं दुःख नव्हतं, त्याचं म्हणणं एवढंच होतं की "माझ्या आयडीचं काय?" दोन वर्षं जमवलेले कपडे, बंदुकांचे रंग, पातळ्या. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, तेव्हा जुन्या आयडीवरचा माल ठरावीक मुदतीत नव्यात हलवता येत होता. त्या रात्री तो बारा वाजेपर्यंत जागा होता. सगळं आलेलं दिसल्यावर त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलं: "चाललं." आमच्या कॅसेटचंच नवं रूप. फरक एवढा की कॅसेट कपाटात होती, हे कुणाच्या तरी सर्व्हरवर. २०२२ च्या जुलैत बीजीएमआयही बंद झाला आणि पुढच्या मे महिन्यात परतला. मधल्या काळात त्याचे कपडे कुठे होते, हे त्याला सांगता आलं नसतं.

कपाट आणि सर्व्हर यांतला हा फरक मला दरवर्षी जास्त टोचतो. एक्सबॉक्स ३६०चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. ५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेन्डो स्विच २ मध्ये जुन्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात. पण काही नव्या 'कॅसेट'मध्ये खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, कॅसेट फक्त लावून ठेवायची. निन्टेन्डो आपल्या देशात अधिकृतपणे हे यंत्र विकत नाही, तरी भाच्याचा एक मित्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आला. मी ती किल्लीवाली कॅसेट हातात घेऊन बघितली. वजन बरोबर होतं, आत काही नव्हतं.

तर ती पीएस५. नव्या पीएस५ला डिस्कची ड्राइव्ह वेगळी जोडता येते, म्हणून भाच्याने मुंबईच्या एका दुकानातून मागवली. झाकण काढलं, ड्राइव्ह बसवली, झाकण लावलं. डिस्क घातली. पडद्यावर सूचना आली: ड्राइव्हची नोंद करायला इंटरनेट जोडा. जुनी डिस्क चालवायला नवं इंटरनेट. आणि घरातली फायबरची वायर नेमकी आदल्या दिवशीपासून मेली होती; खोदकामात कुठेतरी तुटलेली.

"मग आता?" भाची म्हणाली. ती आठ वर्षांची, तिला कुठलंही चालणार होतं.

माळ्यावरून मी खोका उतरवला. नव्या टीव्हीला अँटेनाच्या वायरीवरून गेम लागेना, पिवळी-पांढरी पिन घालायला जागा नाही. डीव्हीडीसाठी आणलेला एक कन्व्हर्टर ड्रॉवरमध्ये सापडला. कॅसेट घातली. काळा पडदा. भाचीने माझ्याकडे बघितलं, मी कॅसेट काढली, आणि फुंकर मारली. मारतोच माणूस. दुसऱ्यांदा लागलं. ६० पिना, तीस वर्षं, ना खातं ना नोंद.

भाचीला बंदूक हवी होती, ती बदकं मारायची. तिने टीव्हीला जवळजवळ नळी टेकवली आणि चाप ओढला. बदक उडून गेलं. पुन्हा ओढला, पुन्हा गेलं. ती बंदूक गोळी मारत नाही, ती बघते: चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला डोळा तो पकडतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर तो चौकोन त्याच क्षणी उमटायचा. सपाट टीव्ही चित्र आधी घेतो, घोळवतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ टळून गेलेली असते.

"मामा, तुमची बंदूक बिघडलीय."

"बंदूक चांगली हाय गं. टीव्ही नवा हाय."

तिने तिसऱ्यांदा नेम धरला. बदक वर गेलं, आणि गवतातून ते कुत्रं उठून तोंडावर पंजा धरून हसायला लागलं.