विश्लेषण : एकाच घराण्याची दोन आडनावे? कॅनडातील फ्रेंच पूर्वजांचा शोध ‘उर्फ’पाशी का अडतो?

कॅनडातील क्युबेक प्रांतात फ्रेंच वसाहतकाळातील पूर्वजांचा माग काढणाऱ्यांना एक कोडे हमखास भेटते. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी साखळी नीट जुळत जाते आणि अचानक आडनावच बदलते. गाव तेच, पत्नीही तीच, आडनाव मात्र वेगळे. असे का होते आणि यातून वाट कशी काढायची, याविषयी…

‘दी’ नावे म्हणजे काय?

फ्रेंच भाषेत ‘दी’ म्हणजे ‘असे म्हटला जाणारा’, म्हणजेच आपल्याकडचे ‘उर्फ’. १६०८ मध्ये साम्युएल द शाम्प्लेनने क्युबेक वसवले आणि १७६३ मध्ये ही वसाहत ब्रिटिशांकडे गेली. या काळात अनेक कुटुंबांच्या मूळ आडनावाला दुसरे नाव जोडले गेले. पिएर युदों दी बोल्यू हे त्याचे उदाहरण. त्याचे काही वंशज आज युदों, तर काही बोल्यू आडनाव लावतात.

ही नावे आली कुठून?

बरीचशी सैन्यातून. १६६५ मध्ये कारिन्यान-सालिएर रेजिमेंटचे सुमारे १,२०० सैनिक येथे आले आणि त्यातील सुमारे ४०० येथेच स्थायिक झाले. फ्रेंच सैन्यात टोपणनावाची प्रथा होती. लाफ्लर (फूल), सांसुसी (बिनघोर) ही अशीच नावे. काही नावे जमिनीवरून, मूळ गावावरून किंवा वडिलांच्या नावावरून पडली. एकाच आडनावाची घरे ओळखायलाही त्यांचा उपयोग होई. पुढे कुणी पहिले आडनाव ठेवले, तर कुणी दुसरे.

अमेरिकेत गेल्यावर काय झाले?

१८४० ते १९३० दरम्यान सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनडियन अमेरिकेत गेले. त्यातील अनेक जण न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत लागले. तेथे काहींच्या आडनावांचे थेट भाषांतर झाले. रुआचे किंग झाले, बुआवेरचे ग्रीनवूड. त्यामुळे केवळ आडनाव टाकून शोधणाऱ्याच्या हाती अर्धेच घराणे लागते.

पहिल्या नावावर विसंबता येते का?

तेही कठीणच. कॅथलिक कुटुंबांत बाप्तिस्म्यावेळी मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची प्रथा रुजली. रोजच्या वापरातले नाव बहुधा शेवटचे असे. अनेकदा ते धर्मपिता किंवा धर्ममातेवरून ठेवले जाई. मूल दगावले, तर नंतरच्या भावंडाला तेच नाव देण्याची रीतही होती.

मग भरवसा कशाचा?

पत्नीच्या माहेरच्या नावाचा. येथील नोंदींत स्त्री लग्नानंतरही जन्माच्याच आडनावाने ओळखली जाई. १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे ८०० तरुणींचा मागही त्यामुळेच काढता येतो. १९८१ पासून तर क्युबेकच्या कायद्यानेच स्त्रीचे जन्मनाव लग्नानंतर कायम राहते. चर्चमधील विवाहनोंदीत सहसा वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात. त्यामुळे एका विवाहावरून त्याआधीच्या पिढीच्या विवाहाकडे जाणे, हीच शोधाची खात्रीची पद्धत.

नोंदी कुठे मिळतात?

क्युबेकमधील चर्चच्या नोंदी १६२१ पासूनच्या आहेत. १६४० च्या आगीत सुरुवातीच्या वह्या जळाल्या, तेव्हा त्या लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिण्यात आल्या. सिप्रियाँ तांगे या धर्मगुरूंनी १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांचा वंशावळी कोश प्रसिद्ध केला. माँट्रियल विद्यापीठाने १९६६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून या नोंदी संगणकावर आल्या.

याचा आरोग्याशी काय संबंध?

थोड्या कुटुंबांपासून वाढलेल्या सागने-लाक-सेंट-जाँ भागात काही आनुवंशिक आजार जास्त आढळतात. यकृतावर आघात करणाऱ्या टायरोसिनेमियाच्या सदोष जनुकाचे वाहक तेथे साधारण २० जणांमागे एक आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्यांसाठी क्युबेक सरकारने चार आनुवंशिक आजारांची वाहक चाचणी उपलब्ध केली आहे. चाचणीसाठी पात्र ठरताना एक प्रश्न महत्त्वाचा असतो : चार आजी-आजोबांपैकी कुणाचा जन्म या भागात किंवा शेजारच्या शार्लव्हुआ आणि ओत-कोत-नोर भागांत झाला होता का? आडनाव बदलून दूर गेलेल्या कुटुंबांना त्याचे उत्तर चर्चच्या जुन्या वहीतच सापडू शकते.