भांगरे, राघोजी

(८ नोव्हेंबर १८०५–२ मे १८४८). महाराष्ट्रातील महादेव कोळी जमातीचा नायक व ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीविरुद्ध झालेल्या उठावाचा पुढारी. त्याचा जन्म अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील देवगाव येथे झाला. वडिलांचे नाव रामजी.

महादेव कोळ्यांची मुख्य वस्ती सह्याद्रीच्या माथ्यावरील अकोले, जुन्नर, आंबेगाव व इगतपुरी या भागांत आणि घाटाखालील ठाणे जिल्ह्यात आहे. बहमनी काळापासून या डोंगराळ मुलखाचे ‘बावन्न मावळ’ असे विभाग मानले जात. प्रत्येक मावळाचा एक नाईक असे व सर्वांचा प्रमुख सरनाईक जुन्नरचा असे. घाटवाटांची राखण, किल्ल्यांवरील चाकरी आणि नाचणी-वरईची शेती यांवर जमातीचा निर्वाह चाले. या व्यवस्थेत बाहेरच्या सत्तेने हात घातला, की उठाव होई. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांनी जुन्नर प्रांतात जमिनीची मोजणी करून नवी सारापद्धती आणली, तेव्हा खेमी नाईकाच्या नेतृत्वाखाली कोळी उठले. मोगलांनी हे बंड अत्यंत क्रूरपणे मोडले. शिवनेरीवरील ‘कोळी चौथरा’ ही त्या शिरच्छेदाची खूण मानली जाते. पुढे मराठी राज्यात कोळी नायकांना पुन्हा मान मिळाला. राजूरचा जावजी बांबळे हा पेशवाईतील त्यांपैकी प्रसिद्ध होय.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) इंग्रजांनी डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी मोडली व अनेक किल्ले निकामी केले. त्यामुळे शेकडो कुटुंबांची पिढीजात चाकरी गेली. सारा रोखीने भरावा लागत असल्याने शेतकरी सावकाराच्या दारी गेला. पूर्वी कर्जाचे तंटे गावातच मिटत. आता सावकाराला दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळू लागला व त्याच्या आधारे जमीन आणि गुरेढोरे जप्त होऊ लागली. या असंतोषातून १८२९ मध्ये पहिला मोठा उठाव झाला. रामा किरवा हा त्याचा पुढारी होता व राघोजीचे वडील रामजी त्यात सामील होते. कॅप्टन मॅकिंटॉश याने घाटवाटा, पाणवठे, गुहा व लोकांचे परस्परसंबंध यांची बारकाईने माहिती काढून हा उठाव मोडला. रामा किरवाला अहमदनगर येथे फाशी देण्यात आले. १८३९ मध्ये पुन्हा बंडाळी माजली व तीही दडपण्यात आली.

राघोजीचा उठाव १८४४ च्या सुमारास उग्र झाला. त्याचा भाऊ बापू हा त्याचा प्रमुख साथीदार होता. त्यांच्या टोळ्या नगर, नासिक, पुणे व ठाणे या जिल्ह्यांच्या सीमांवर वावरत. एका जिल्ह्यातील पोलीस मागे लागले, की त्या घाट उतरून दुसऱ्या जिल्ह्यात जात. डोंगरात त्यांच्या पाठलागावर गेलेली एक अंमलदार व दहा शिपायांची तुकडी त्यांनी ठार केली. त्यांचा मुख्य रोख सावकारांवर होता. अकोल्याच्या पश्चिम भागातील बहुतेक सावकार लुटले गेले, काहींची नाके कापण्यात आली व अनेकजण गावे सोडून कसब्यांच्या आश्रयास गेले. या कृत्यांतील क्रौर्य नाकारता येत नाही. तथापि डोंगरातील गावांनी राघोजीला दीर्घकाळ आसरा दिला, यावरून त्याच्याकडे केवळ दरोडेखोर म्हणून पाहिले जात नव्हते, हे स्पष्ट होते.

१८४५ मध्ये बापू पकडला गेला. त्यानंतर टोळ्या विखुरल्या, पण राघोजी हाती लागला नाही. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेल याने त्यास पंढरपूर येथे पकडले. खटला चालून त्यास ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

उठाव मोडला, तरी त्याची कारणे शिल्लक राहिली. आंबेगाव तालुक्यातील जांबोरीचा होन्या भागोजी केंगले याने १८७३ पासून सावकारांविरुद्ध अशीच मोहीम चालविली व तो जुलै १८७६ मध्ये पकडला गेला. त्याच्या यशाने मैदानी मुलखातील शेतकऱ्यांनाही चेव आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत कर्जरोखे व हुकूमनामे जाळण्यात आले. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९) संमत झाला आणि कर्जव्यवहाराची शहानिशा करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. ज्या अन्यायाविरुद्ध राघोजी उठला होता, त्याची सरकारी दखल त्याच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी अशी घेतली गेली.

इंग्रजी कागदपत्रांत राघोजीची नोंद दरोडेखोरांचा म्होरक्या अशी आहे. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणून गौरविले जाऊ लागले. गेलेली चाकरी, जाणारी जमीन आणि परक्या सत्तेबद्दलचा रोष या तिन्ही गोष्टी त्याच्या उठावात एकत्र आल्या होत्या. त्यांतील एकच पाहिल्यास त्याचे मूल्यमापन अपुरे राहते.