पूर्व बंगाल : नदीकाठची बोली आणि दप्तरातली भाषा

पूर्व बंगाली समाजाची ओळख धर्माने घडवली की भाषेने, हा वाद १९४७ची फाळणी आणि १९७१ची बांगलादेशनिर्मिती या दोन घटनांभोवती फिरत राहतो. परंतु त्या समाजाचा पाया त्याआधी कितीतरी वर्षे नद्यांनी आणलेल्या गाळावर घातला गेला होता. सोळाव्या शतकाच्या सुमारास गंगेचा मुख्य प्रवाह पश्चिमेची भागीरथी सोडून पूर्वेच्या पद्मेकडे वळत गेला आणि ‘भाटी’ म्हणजे नद्यांच्या मुखाकडचा सखल, पाणथळ मुलूख भातशेतीला खुला झाला. मुघलांनी १६१०च्या सुमारास ढाक्याला सुभ्याची राजधानी केली. पुढे जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना करमाफीच्या सनदा मिळू लागल्या. अशा नव्या वस्त्या बहुधा एखाद्या मशिदीभोवती किंवा पीराच्या स्थानाभोवती, तर काही ठिकाणी देवळाभोवती वसल्या. त्यामुळे नांगर आणि इस्लाम या मुलखात एकत्रच पसरले, असे प्रतिपादन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९९३च्या ग्रंथात केले आहे. १८७२च्या जनगणनेत मुसलमानांचे प्राबल्य जुन्या राजधान्यांच्या परिसरापेक्षा पूर्वेच्या शेतकरी जिल्ह्यांत अधिक आढळले, तेव्हा इंग्रज अधिकारी चकित झाले होते. ईटन यांच्या मांडणीतून त्याचा उलगडा होतो.

या शेतकरी समाजाची बोली मात्र धर्मानुसार विभागली गेली नाही. ‘मी जाईन’ या अर्थी प्रमाण बंगालीत ‘जाबो’ म्हणतात, तर पूर्वेकडे अनेक जिल्ह्यांत ‘जामु’. ‘तुला’ या अर्थी ‘तोमाके’ऐवजी ‘तोमारे’ हे रूप चालते. घ, ध, भ यांतील महाप्राण तिथे क्षीण होतो, आणि सिल्हेट व चट्टग्राम येथील बोली तर इतक्या वेगळ्या आहेत की कोलकात्याच्या श्रोत्याला त्या सहज कळत नाहीत. ‘चलित’ म्हणजे आजची प्रमाण बंगाली नदिया-कोलकाता परिसरातील बोलण्यावर उभी राहिली आणि १९१४ साली निघालेल्या प्रमथ चौधुरी यांच्या ‘सबुजपत्र’ मासिकाने तिला साहित्यात बळ दिले. कोलकात्यात पूर्वेकडच्या माणसाला ‘बांगाल’ म्हणून हिणवले जाई, तर पश्चिमेचा मूळ रहिवासी स्वतःला ‘घोटी’ म्हणवी. पूर्वेचे मौखिक वैभव छापील रूपात आले तेही कोलकात्यातूनच : चंद्रकुमार दे यांनी जमवलेली कथागीते दिनेशचंद्र सेन यांनी ‘मैमनसिंह गीतिका’ या नावाने संपादित केली आणि ती कलकत्ता विद्यापीठाने १९२३ साली प्रसिद्ध केली.

असे असूनही पूर्व बंगालचे राजकीय लढे बोलीसाठी झाले नाहीत. ते प्रमाण बंगालीसाठीच झाले. १९२१ साली स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठातून शेतकऱ्यांची शिकलेली मुले बाहेर पडू लागली होती आणि फाळणीनंतरच्या पाकिस्तानात उर्दू हीच एकमेव राजभाषा झाली असती, तर सरकारी नोकरीची वाट त्यांच्यासाठी अरुंद होणार होती. फेब्रुवारी १९४८मध्ये धीरेंद्रनाथ दत्त यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत बंगालीचा आग्रह धरला, २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मारले गेले आणि १९५६च्या संविधानाने बंगालीला राजभाषेचे स्थान दिले. सीमेच्या अलीकडे, आसामातील सिलचर येथे १९ मे १९६१ रोजी, असमिया ही राज्याची राजभाषा ठरवण्याच्या विरोधात बंगालीसाठी उभे राहिलेले ११ जण गोळीबारात मरण पावले; तिथल्या घरांतली बोलीही प्रामुख्याने सिल्हेटीच होती.

या ओळखीतला जातीचा पदर महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर बंगालमधून निवडून आले, ते बरिशालचे नमःशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकारामुळे. नमःशूद्र हा पूर्व बंगालच्या पाणथळ भागातील शेतकरी दलित समाज. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. मात्र १९५०मध्ये राजीनामा देऊन ते भारतात आले. पुढे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांपैकी अनेक कुटुंबे तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी, मुलचेरा या भागांतही वसवण्यात आली. त्यांच्या घरी पूर्वेची बोली उरली आणि कचेरीत मराठी आली.

म्हणून ढाका आणि सिलचरच्या आंदोलनांकडे निव्वळ मातृभाषेच्या प्रेमाचा उद्रेक म्हणून पाहणे अपुरे ठरते. कोलकात्याने ज्यांच्या उच्चारांना हसून दूर ठेवले, त्याच लोकांनी कोलकात्याची प्रमाणभाषा आपली मानून तिच्यासाठी जीव दिले, कारण शाळा, न्यायालय आणि नोकरी यांत शिरण्याचा हक्क त्या भाषेशी बांधला गेला होता.