विजयदुर्गावर हेलियम सापडला नाही

विजयदुर्ग किल्ल्यात गेलात की ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबानं इथूनच हेलियम शोधला, असं सोबतीला ऐकवतात. दरवर्षी त्याच तारखेला तिथं हेलियम दिनही साजरा होतो.

ऐकायला छान वाटतं, पण १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर भारतात आलेलाच नव्हता. ग्रहणाचा पट्टा आपल्या मुलखावरून गेला हे खरं. मात्र फ्रेंच खगोलज्ञ पिएर जान्सेननं ते पाहिलं आंध्रातल्या गुंटूरहून. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या ठसठशीत दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यानं त्या पुन्हा टिपल्या. लॉकियरनं २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून, ग्रहणाशिवायच, तेच केलं. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशेजारी होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. सोडियमच्या रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, तर ही ५८७.६ वर. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ग्रीक ‘हेलिऑस’ म्हणजे सूर्य, यावरून हेलियम हे नाव पडलं.

मग साहेब विजयदुर्गाला आलाच नाही का? आला की! पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओट्यांचं नातं जोडायचंच तर या मोहिमेशी जोडावं. तोवर हेलियमचं बारसं होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. शिवाय १८९५ मध्ये विल्यम रॅमसेनं लंडनच्या प्रयोगशाळेत युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू काढूनही दाखवला होता.

दुसरा घोळ ‘दुर्मीळ वायू’ या नावानं घातलाय. विश्वात हायड्रोजनखालोखाल हेलियमच. ताऱ्यांच्या, वायूंच्या नेहमीच्या द्रव्यात वजनानं जवळजवळ चौथा हिस्सा. आपल्या हवेत मात्र दहा लाखांत जेमतेम पाच भाग. इतका हलका, की वातावरणात टिकत नाही, अवकाशात निसटून जातो. मग सिलिंडरमधला येतो कुठून? जमिनीखालून. युरेनियम, थोरियमच्या किरणोत्सारातून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचंच केंद्रक. कोट्यवधी वर्षं असा साठत गेलेला वायू काही ठिकाणी नैसर्गिक वायूसोबत अडकून राहतो.

अमेरिकेत कॅन्सासमधल्या डेक्स्टर गावी १९०३ मध्ये वायूची विहीर लागली. गाव जमला, ज्योत पेटवायचा थाट केला, जळत्या गवताचे भारे पुढे ढकलले, तर भारेच विझले! वायू होता बहुतांश नायट्रोजन, आणि १९०५ मध्ये तपासणीत त्यात हेलियमही निघाला.

हा वायू फक्त फुग्यांच्या कामाचा असंही नाही. उणे २६९ अंशांना उकळणारा द्रव हेलियम एमआरआय यंत्राचे चुंबक गार ठेवतो. फुग्यातला हेलियम श्वासात ओढल्यावर आवाज चिरका होतो, तोही स्वरतंतू ताणल्यामुळे नव्हे. हेलियमात ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगानं धावतो, त्यामुळे घशातोंडातले अनुनाद वर सरकतात. गंमत म्हणूनही ओढू नका. विष नसलं तरी फुप्फुसातला ऑक्सिजन हटतो, आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो.

राहिला जत्रेतला तरंगता फुगा. त्यात हेलियमच असेल असं धरून चालू नका. पुष्कळदा स्वस्तातला हायड्रोजन भरलेला असतो आणि तो भडकतो. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांपासून असा फुगा लांब ठेवा.